कोर्स मध्येच सोडला, तर नर्सिंगचं दार बंद होतं का?



बारावीचा निकाल लागला की बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांच्या हिशोबाबरोबर मुलींच्या प्रवेशाच्या गोष्टीही निघतात. त्यात एक प्रश्न आम्हाला हटकून विचारला जातो. "ताई, पोरीनं मागच्या वर्षी बी.एस्सी.ला नाव घातलं होतं. दोन-तीन महिने गेली, मग जमलं नाही, सोडून दिलं. आता तिला नर्सिंगला जायचंय. पण लोक म्हणतात, एकदा कोर्स सोडला की पुढं कुणी घेत नाही. खरंय का हो?"

कोर्स सुटण्याची कारणं आपल्या जिल्ह्यात आपल्याला पाठ आहेत. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून दिवाळीच्या सुमारास कुटुंबं ऊसतोडीला निघतात, आणि धाकट्या भावंडांना बघायला थोरली पोर घरी राहते. अकोल्याच्या डोंगराकडच्या गावांतून कॉलेजला जायचं तर एसटीच्या वेळा जुळत नाहीत. कुठं आईचं आजारपण, कुठं लग्न. आणि कुठं एवढंच, की नर्सिंगची जागा त्या वर्षी मिळाली नाही म्हणून वर्ष वाया जायला नको, असं म्हणून मिळेल तिथं नाव घातलं, पण त्यात मन लागलं नाही.

या प्रश्नाचं उत्तर आधीच सांगून टाकतो. कोर्स सोडला म्हणून नर्सिंगच्या गुणवत्ता यादीत मुलीचा नंबर खाली जात नाही. मात्र कोर्स रीतसर न सोडता नुसतं जायचं बंद केलं असेल, तर कागद अडतात, पैसे अडतात, आणि कधी कधी यादीत नाव लागूनही प्रवेश हातचा जातो. तेव्हा आज बोलायचं आहे ते कोर्स कसा सोडायचा याबद्दल.

गुणवत्ता यादी काय बघते?

नर्सिंगचे आपल्याकडचे तीन मुख्य रस्ते आधी नीट समजून घेऊ. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा कोर्स. गावच्या उपकेंद्रात ज्या सिस्टर असतात, त्या बहुतेक हा कोर्स केलेल्या. बारावी कला शाखेतून झालेल्या मुलीलाही तो करता येतो. जी.एन.एम. तीन वर्षांचा. त्याला बारावी इंग्रजी विषयासह आणि किमान ४० टक्के गुण लागतात, विज्ञान शाखा असेल तर उत्तम. तिसरा रस्ता बी.एस्सी. नर्सिंग. ही चार वर्षांची पदवी. तिला बारावी विज्ञान, त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र हवं, इंग्रजीत पास हवं, आणि खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के गुण हवेत. राखीव प्रवर्गांना यात सवलत असते.

बी.एस्सी. नर्सिंगचे राज्याच्या प्रक्रियेतले प्रवेश सीईटीच्या गुणांवर होतात. ए.एन.एम. आणि जी.एन.एम.ची यादी पूर्वी बारावीच्या गुणांवर लागायची, अलीकडे त्यांच्यासाठीही सीईटी घेतली गेली आहे. आपल्या लोणीच्या प्रवरेसारख्या अभिमत विद्यापीठांची प्रवेशाची प्रक्रिया वेगळी असते आणि माहितीपुस्तिकाही वेगळी असते. म्हणून ज्या वर्षी अर्ज करायचा, त्याच वर्षीची पुस्तिका वाचायची. शेजारणीच्या मुलीला दोन वर्षांपूर्वी काय लागलं होतं, त्यावर विसंबायचं नाही.

आता बघा, यात कुठंही "आधी कोणता कोर्स सोडला" याला गुण नाहीत आणि त्यासाठी गुण कापतही नाहीत. मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात नापास झाली असेल, तरी ते गुण नर्सिंगच्या यादीत धरत नाहीत. आणि पहिलं वर्ष चांगल्या गुणांनी पास झाली असेल, तरी त्याचा फायदा नाही. पात्रता बारावीवर ठरते आणि क्रम त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे लागतो.

मग ही भीती आली कुठून? थोडी गावच्या बोलण्यातून, आणि थोडी मोबाइलवरून. अमेरिकेत कॉलेजचा एखादा विषय ठरलेल्या तारखेनंतर सोडला, तर गुणपत्रिकेवर 'डब्ल्यू' असं अक्षर छापून येतं, आणि तिथल्या नर्सिंग कॉलेजांत प्रवेश देताना ती गुणपत्रिका बघतात. त्याबद्दलचे व्हिडिओ आपल्या मुलींच्या मोबाइलवर येतात आणि त्या घाबरतात. आपल्याकडची पद्धत तशी नाही. आपल्याकडं अडचण असते ती कागदांची.

दाखला कुठं अडकलाय?

बारावीनंतर मुलीनं सीनियर कॉलेजला नाव घातलं, तेव्हा शाळा सोडल्याचा मूळ दाखला, म्हणजे एल.सी., त्या कॉलेजात जमा झाला. आपण नुसतं जायचं बंद केलं, तर कॉलेजच्या वहीत ती अजून त्यांची विद्यार्थिनी असते आणि दाखला तिथंच राहतो. नर्सिंगला नाव लागल्यावर प्रवेशासाठी मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत मूळ दाखला पाहिजे. तेव्हा धावपळ सुरू होते. कॉलेजला सुट्टी असते, क्लार्क रजेवर असतो, ग्रंथालयाचं एक पुस्तक निघतं, फीचा हप्ता बाकी निघतो. तोवर मुदत संपते.

म्हणून कोर्स सोडायचा ठरला, की त्याच आठवड्यात चार कामं करायची.

पहिलं, प्राचार्यांच्या नावे प्रवेश रद्द करण्याचा लेखी अर्ज द्यायचा. मुलीची सही, पालकाची सही, तारीख. अर्जाची दुसरी प्रत जवळ ठेवायची आणि तिच्यावर कॉलेजचा आवक शिक्का व तारीख मारून घ्यायची. पुढं कुणी विचारलं, की कधी सोडलं, तर हाच शिक्का उत्तर देतो.

दुसरं, ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह, सगळ्यांकडून काही देणं बाकी नाही असं लिहून घ्यायचं.

तिसरं, कॉलेजचा दाखला घ्यायचा. त्यावर मुलीचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात हे आधीच्या दाखल्याप्रमाणे जसंच्या तसं आहे का, ते तिथंच उभं राहून तपासायचं. एका वेलांटीची चूक पुढं तालुक्याला चार हेलपाटे घालायला लावते.

चौथं, मुलीचं नाव विद्यापीठात नोंदलं गेलं असेल, तर मायग्रेशन म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र लागेल का, हे विचारायचं. नगर जिल्ह्यातली बी.ए., बी.एस्सी.ची बहुतेक कॉलेजं पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाला जोडलेली, तर राज्याच्या प्रक्रियेतली बी.एस्सी. नर्सिंगची कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. विद्यापीठ बदललं की हे प्रमाणपत्र मागतात, आणि ते यायला दिवस लागतात.

इथं एक वाट काही जण सुचवतात, तिच्यापासून मात्र लांब राहा. "जुन्या ज्युनियर कॉलेजात जा, दाखला हरवला म्हणून सांग आणि दुसरी प्रत काढ." दाखला हरवलेला नसतो, तो दुसऱ्या कॉलेजात असतो. म्हणजे हे खोटं प्रतिज्ञापत्र झालं. खोटी माहिती उघडी पडली, तर झालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो, अगदी दुसऱ्या वर्षात असली तरी. चार दिवस वाचवायला गेलो आणि चार वर्षं घालवली, असं नको.

गॅप म्हणजे काय लिहायचं?

बारावी आणि नर्सिंग यांच्यात एक वर्ष किंवा जास्त काळ गेला, तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. ते नोटरीकडं किंवा तालुक्याच्या सेतू केंद्राकडं करून मिळतं. त्यात मधल्या काळात मुलगी काय करत होती, ते लिहायचं असतं. इथंच बऱ्याच जणी अडखळतात. "घरीच होती" असं लिहून टाकतात, कारण कोर्स सोडल्याची लाज वाटते. पण दाखला असतो कॉलेजचा, त्यावर प्रवेशाची आणि सोडल्याची तारीख असते. दोन कागद दोन गोष्टी सांगायला लागले, की तपासणारा थांबतो.

सरळ लिहावं. अमुक कॉलेजात अमुक वर्गात प्रवेश घेतला होता, घरगुती कारणामुळे अमुक तारखेला रीतसर रद्द केला, त्यानंतर दुसरीकडं कुठंही प्रवेश घेतलेला नाही. एवढंच. आजारपण असेल तर आजारपण. घरगुती कारण हे काही गुन्ह्याचं कारण नाही.

गॅप पडली की आणखी एक होतं. आपण फाइल करून ठेवतो आणि ती तशीच दुसऱ्या वर्षी घेऊन जातो. पण उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला यांना मुदत असते. जातीचा दाखला आणि जात वैधता मात्र एकदा मिळाली की पुन्हा काढावी लागत नाही. तेव्हा फाइल उघडून प्रत्येक कागदाची तारीख बघा. लग्न झालेल्या मुलीचं नाव आधारवर सासरचं आणि गुणपत्रिकेवर माहेरचं असतं. तिनं विवाह नोंदणीचा दाखला आधीच काढून ठेवावा. काही ठिकाणी नावबदलाचं राजपत्रही मागतात.

पैशाचं काय?

कोर्स सोडला की भरलेली फी बुडाली, असं आपण धरून चालतो. तसं नेहमी नसतं. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्ये फी परतीचे टप्पे ठरवून दिले. प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला, तर पूर्ण फी परत. त्यातून कामकाजाचा खर्च म्हणून ५ टक्के, पण ५ हजार रुपयांपेक्षा जास्त नाही, एवढंच कापता येतं. १५ दिवसांपेक्षा कमी उरले असतील, तर ९० टक्के. शेवटची तारीख उलटून १५ दिवसांच्या आत ८० टक्के. १५ ते ३० दिवसांत ५० टक्के. त्यानंतर काही नाही. पुढं काही वर्षी आयोगानं परिपत्रक काढून याहून जास्त सवलतही दिली, म्हणून चालू वर्षाचं परिपत्रक विचारायचं. मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं तपासून परत द्यायची, अडवून ठेवायची नाहीत, हेही त्याच नियमात सांगितलेलं आहे. हे नियम विद्यापीठांना आणि त्यांच्या कॉलेजांना आहेत. ए.एन.एम., जी.एन.एम.च्या शाळांना प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेतले नियम लागू होतात.

आता शिष्यवृत्ती. केंद्र सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या अटींत असं आहे, की वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडलं, तर त्या वर्षाची रक्कम परत मागण्याचा अधिकार सरकारला असतो. पैसे खात्यात येऊन गेले असतील आणि मुलगी कॉलेजला जात नसेल, तर गप्प बसू नका. कॉलेजला कळवा. महाडीबीटीवर पुढच्या वर्षी नव्या कोर्ससाठी अर्ज भरताना मागची माहिती आणि गॅप दोन्ही खरी भरा. जुना अर्ज अर्धवट लटकलेला असेल, तर नवा अडकू शकतो.

आणि मुलींसाठी मोठी गोष्ट अशी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या इतर मागास प्रवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पण ही सवलत सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून मिळालेल्या जागेला आहे. व्यवस्थापनाच्या कोट्यातल्या जागेला नाही. म्हणून कॅपमधली जागा सोडताना दहादा विचार करा. "ही सोडू, नंतर ओळखीनं दुसरीकडं घेऊ" असं कुणी म्हणालं, तर फीच्या माफीचं काय होणार, हा प्रश्न आधी विचारा. तुमच्या कोर्सला आणि कॉलेजला ही सवलत लागू आहे का, हेही लेखी विचारून घ्या.

नर्सिंगचीच जागा सोडली तर?

आतापर्यंत बोललो ते दुसरा कोर्स सोडून नर्सिंगला येण्याबद्दल. नर्सिंगची जागा घेऊन मग सोडणं ही गोष्ट वेगळी, आणि जास्त जपून करायची.

एसटी फलाटावर लागली की आपण खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो. रुमाल टाकला आणि गाडी सुटायच्या आत उचलला, तर ती सीट दुसऱ्या बाईला मिळते, कुणाचं नुकसान नाही. पण रुमाल तसाच ठेवून आपण गाडीत चढलोच नाही, तर सीट रिकामी जाते आणि दुसरी बाई उभ्यानं प्रवास करते. कॅप फेऱ्यांचे नियम याच हिशोबानं केलेले असतात. माहितीपुस्तिकेत जागा सोडण्याची एक शेवटची तारीख असते. तिच्या आत सोडली तर नुकसान थोडं. तिच्यानंतर सोडली, तर अनामत रक्कम किंवा फी जाऊ शकते आणि पुढच्या फेऱ्यांतून नावही वगळलं जाऊ शकतं. मिळालेलं कॉलेज पसंत आहे, पुढच्या फेरीत जायचं नाही, असं एकदा लिहून दिलं, की सहसा मागं फिरता येत नाही. म्हणून सायबर कॅफेत मुलाला "भर बाबा काय ते" असं सांगून सही करू नका. प्रत्येक बटणाचा अर्थ विचारा.

शिक्षण सुरू झाल्यावर मध्येच खंड पडला, बाळंतपण आलं, आजारपण आलं, तर लगेच प्रवेश रद्द करू नका. आधी प्राचार्यांना लेखी कळवा आणि त्याच संस्थेत परत येता येईल का, ते विचारा. बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण करायला जास्तीत जास्त ८ वर्षं मिळतात, असा भारतीय परिचर्या परिषदेचा नियम आहे. म्हणजे खंड पडला की सगळं संपलं, असं नाही. पण न सांगता गैरहजर राहिलेल्या मुलीसाठी पुढं कुणी रदबदली करू शकत नाही. प्रवेशाच्या वेळी बाँड लिहून दिला असेल, तर तो काढून वाचा. मध्ये सोडल्यास काय भरावं लागेल, ते त्यात असतं.

उशीर झाला असं वाटतंय?

ए.एन.एम. आणि जी.एन.एम.ला वयाची मर्यादा १७ ते ३५ वर्षं आहे. म्हणजे विशीत कोर्स सुटलेली, लग्न होऊन दोन लेकरं झालेली सूनही अजून जाऊ शकते. ए.एन.एम. करून नोंदणी झालेल्या सिस्टरला पुढं जी.एन.एम. करता येतं, आणि जी.एन.एम.नंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग. एकदम चार वर्षं जमत नसतील, तर पायरी पायरीनं चढायची सोय आहे.

एका गोष्टीपासून मात्र सावध. सहा महिन्यांत नर्स करू, सीईटी नको, दाखलाही नको, असं सांगणारे फलक तालुक्याच्या गावी दिसतात. तिथून बाहेर पडताना काही अडचण येत नाही, कारण सरकारी वहीत तिची नोंदच नसते. पण पूर्ण केलं तरी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी नाही. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा, "परिचर्या परिषदेची मान्यता आहे का?" आणि तिचा कागद बघा.

आपला जिल्हा या बाबतीत मागं राहणारा नाही. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा फारशी शाळा न पाहिलेल्या गावच्या बायकाच आरोग्य सेविका झाल्या. बाळंतपणं, लसीकरण, कुष्ठरोग, सगळं त्या शिकल्या. त्या कामाची दखल घेऊन १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज सपाटीच्या भागात ५ हजार आणि डोंगरी, आदिवासी भागात ३ हजार लोकांमागे एक उपकेंद्र असावं, असं सरकारचं मान आहे. त्या प्रत्येक उपकेंद्राला सिस्टर लागते. ती आपल्यातली का नसावी?

तेव्हा या महिन्याच्या बैठकीत गटानं एक काम करावं. आपल्या गटातल्या घरांत बारावीनंतर शिक्षण सुटलेल्या मुली आणि सुना किती, त्यांची यादी करा. प्रत्येकीपुढं चार गोष्टी लिहा: वय, बारावीची शाखा आणि गुण, शेवटचं कॉलेज, आणि दाखला कुणाकडं आहे. जिचा दाखला अजून कॉलेजात आहे, तिच्याबरोबर गटातल्या दोघींनी जावं. एकट्या मुलीला खिडकीवरून परत पाठवतात, तीन बाया उभ्या राहिल्या की क्लार्क खुर्ची देतो. सीईटीचे अर्ज निघण्याच्या आधी हे काम उरकलं, तर त्या मुलीला पुढं फक्त अभ्यासच करायचा उरेल.